पुढे नाव एकाचं, आत चासी दुसऱ्याची: जुन्या रेडिओंविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांची अडचण सारखीच आहे. रेडिओ हातात आहे, त्यावर नाव आहे, पण त्या नावाची कंपनी कुठल्याच यादीत सापडत नाही. त्यांतले निवडक प्रश्न आणि उत्तरं.

प्रश्न: लाकडी खोक्याचा पाच व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांचा) रेडिओ आहे. पुढच्या पितळी पट्टीवरचं नाव कोणत्याही संग्राहकाच्या सूचीत नाही. कंपनीचा शोध कुठून सुरू करावा?

उत्तर: नावापासून सुरू करू नका. पट्टीवरचं नाव रेडिओ विकणाऱ्याचं असतं, आणि विकणारा तो बनवणारा असेलच असं नाही. अमेरिकेत सीअर्स 'सिल्वरटोन' नावाने रेडिओ विकत असे, माँटगोमेरी वॉर्ड 'एअरलाइन' नावाने. दोघेही हे संच बहुधा दुसऱ्या कारखान्यांकडून बनवून घेत. एअरलाइनचे संच वेल्स-गार्डनर, बेलमाँट अशा कंपन्या बनवून देत. सिल्वरटोनच्या चासीवरचा, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या आतल्या धातूच्या सांगाड्यावरचा, क्रमांक बिंदूने तोडलेला असतो आणि बिंदूच्या आधीचा आकडा पुरवठादार कारखान्याचा असतो. मोठ्या दुकानांचं हे, तर लहान दुकानदार कारखान्याकडून तयार चासी घ्यायचे, सुताराकडून खोका करवून घ्यायचे आणि स्वतःच्या नावाची पट्टी ठोकायचे. अशी 'कंपनी' औद्योगिक सूचीत कधीच सापडणार नाही. ती सापडेल फर्निचरच्या किंवा ग्रामोफोनच्या दुकानांमध्ये.

म्हणून आधी चासी बाहेर काढा. वायर भिंतीच्या सॉकेटातून काढलेली हवी. नुसता खटका बंद करून चालत नाही, कारण एसी-डीसी जातीच्या, म्हणजे दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या, संचात चासी थेट मेन्सला, म्हणजे घरच्या वीजपुरवठ्याला, जोडलेली असते. अलीकडे कोणी रेडिओ लावून पाहिला असेल तर फिल्टर कंडेन्सरमध्ये चार्ज उरलेला असू शकतो. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टन्स कंडेन्सरच्या स्वतःच्या दोन टोकांवर पाच सेकंद धरा आणि मग मीटरने व्होल्टेज तपासा. एक टोक चासीला टेकवून काम भागेल असं गृहीत धरू नका. काही संचांत ऋण टोक चासीपासून वेगळं ठेवलेलं असतं.

बटनं बाजूच्या बारीक स्क्रूने घट्ट केलेली असतात किंवा नुसती दाबून बसवलेली. दाबून बसवलेलं बटन स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की आधी खोक्याचं पॉलिश जातं आणि मग बटन तडकतं. बटनामागून कापडाची पट्टी गुंडाळून सरळ ओढा. चासीचे बोल्ट बहुधा खालून असतात, बरेचदा चार. शेवटचा सोडवताना चासीला हाताचा आधार द्या, नाहीतर ट्रान्सफॉर्मरच्या वजनाने ती डायलच्या काचेवर येते. लाऊडस्पीकर खोक्याला बसवलेला असेल तर वायरी सोडवण्याआधी रंगांसह फोटो घ्या. स्पीकरला दोनाहून जास्त वायरी जात असतील तर तेही टिपून ठेवा. तो बहुधा विजेवर चुंबक होणारा जुन्या पद्धतीचा स्पीकर असतो. ही पद्धत प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धाआधीची.

आता क्रमांक उतरवायचे, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. चासीच्या मागच्या कडेवर शाईने किंवा पंचने मारलेला लांबलचक आकडा हा त्या एका संचाचा अनुक्रमांक असतो. दोन-तीन अक्षरं आणि थोडे अंक असतील तर ते मॉडेल. ट्रान्सफॉर्मरवर किंवा कॉइलच्या डब्यावर आडव्या रेघेने तोडलेले क्रमांक सुट्या भागांचे असतात. तिन्ही वेगवेगळे लिहा. शाई पुसट असेल तर काहीही पुसू नका. पाणी आणि स्पिरिट दोन्हींनी ती उठते. अंधार करून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा आणि चार बाजूंनी फोटो काढा. पंचचे खड्डे सावलीत उमटतात. शाई राहिली असेल तर कधीकधी अतिनील टॉर्चखाली दिसते. खोक्याच्या आत सुताराने पेन्सिलीने लिहिलेला आकडा, तळाची कागदी चिठ्ठी, स्पीकरच्या कापडामागची पाटी हेही पाहून घ्या.

यानंतर चासीचा वरून दिसणारा नकाशा काढा: ट्युनिंग गँग (स्टेशन लावताना फिरणारा कंडेन्सर) कुठे, प्रत्येक व्हॉल्व्हचं सॉकेट कुठे आणि त्यात कोणता क्रमांक, आयएफचे (संचाच्या आतल्या ठरावीक मधल्या लहरीचे) डबे किती, बँड किती. हाच नकाशा तुमचा खरा बोटाचा ठसा. अमेरिकन संचांसाठी जॉन रायडर यांचे सर्किट-खंड आहेत. १९३१ पासून निघालेले हे २३ जाडजूड खंड बहुतेक सगळे स्कॅन झालेले आहेत. १९४६ नंतरच्या संचांसाठी हॉवर्ड सॅम्स यांची फोटोफॅक्ट मालिका आहे, तिच्यात चासीचे फोटोही मिळतात. ब्रिटिश संचांसाठी 'वायरलेस अँड इलेक्ट्रिकल ट्रेडर' या व्यापारी पत्राच्या सर्व्हिस शीट्स पाहा. तिथे नाव शोधू नका. व्हॉल्व्हची तीच मालिका, तीच मांडणी आणि तोच आयएफ असलेलं सर्किट शोधा. आयएफ अमेरिकन संचांत पुढे ४५५ किलोहर्ट्झवर स्थिरावला, ब्रिटिशांत ४६५च्या आसपास, तर फिलिप्सच्या बऱ्याच संचांत ४५२. चासीवर कारणाशिवाय पाडलेली भोकं किंवा रिकामी सॉकेट-जागा दिसली तर आनंद माना: ती चासी एकाहून अधिक मॉडेलांसाठी कापलेली आहे. म्हणजे तिची भावंडं दुसऱ्या नावाखाली छापील सर्किटांत मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

प्रश्न: लाऊडस्पीकरच्या कडेला ४६५६४७ आणि व्हॉल्यूम कंट्रोलवर १३७६४३ असे आकडे आहेत. हे कंपनीचे नोंदणी क्रमांक आहेत का?

उत्तर: नाहीत, पण आहेत त्याहून उपयोगाचे. अमेरिकन रेडिओ उत्पादकांच्या आरएमए या संघटनेने (तिचंच पुढचं नाव ईआयए) प्रत्येक सुट्या भागाच्या उत्पादकाला एक सांकेतिक क्रमांक दिला होता. पहिले तीन अंक तो उत्पादक सांगतात. पुढचा एक अंक, काही वेळा दोन, वर्षाचा. शेवटचे दोन आठवड्याचे. ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड, १३७ म्हणजे सीटीएस. नेहमी भेटणारे आणखी काही: २२० जेन्सन, २८५ रोला, ३२८ युटा. व्हॉल्व्हवर १८८ जनरल इलेक्ट्रिक, २७४ आरसीए, ३१२ सिल्व्हेनिया.

म्हणजे तुमचा स्पीकर ६ने संपणाऱ्या वर्षाच्या ४७व्या आठवड्यातला आणि व्हॉल्यूम कंट्रोल ४३व्या आठवड्यातला. दशक कोडमध्ये नसतं, ते व्हॉल्व्हवरून ठरवायचं. तुम्ही दिलेल्या यादीत १२ एसए ७, १२ एसके ७, १२ एसक्यू ७, ५० एल ६ आणि ३५ झेड ५ आहेत. मोठ्या आठ पिनांच्या बुडाचे हे पाच व्हॉल्व्ह फिलामेंट एकामागोमाग एक जोडून चालवायचे, कारण त्यांच्या व्होल्टेजची बेरीज मेन्सच्या जवळ जाते. १९५६ पर्यंत नव्या स्वस्त संचांत ही जागा सात पिनांच्या काचेच्या लहान व्हॉल्व्हनी, १२ बीई ६ आणि मंडळींनी, बहुतांशी घेतली होती. १९३६ मध्ये ही मालिका निघालेलीच नव्हती. म्हणून १९४६.

स्पीकर नोव्हेंबर १९४६ च्या उत्तरार्धातला असल्यामुळे संच त्यानंतरच जुळवलेला आहे. विक्री बहुधा १९४७ ची. दोन वेगवेगळ्या कारखान्यांचे भाग चार आठवड्यांच्या अंतराने आलेले आहेत, तेव्हा हे दोन्ही मूळचेच मानायला हरकत नाही. एखादा भाग सात-आठ वर्षं पुढचा निघाला तर तो दुरुस्तीत बदललेला आहे, त्यावरून संचाचं वय काढू नका. आणि कंपनी शोधताना १९४६ ते १९४९ ची व्यापारी मासिकं आधी चाळा. युद्धकाळात घरगुती रेडिओंचं उत्पादन बंद होतं. नंतर मागणी तुंबलेली असताना कितीतरी लहान कारखाने उघडले आणि दोन-तीन वर्षांत मिटले. अनोळखी नावांचा मोठा ढीग याच काळातला आहे.

प्रश्न: तळाच्या चिठ्ठीवर पेटंटचे वीसेक क्रमांक आहेत. एकेक शोधला, तर सगळी दुसऱ्याच कंपन्यांची निघाली. चिठ्ठी खोटी आहे का?

उत्तर: चिठ्ठी खरी आहे, तिच्याकडून अपेक्षा चुकीची आहे. रेडिओची मूलभूत पेटंटं थोड्या हातांत होती. अमेरिकेत आरसीए आणि हेझल्टाइन, जर्मनीत टेलिफुंकन, ब्रिटनमध्ये मार्कोनी. बाकीचे परवाना घेऊन, रॉयल्टी भरून संच बनवत. मार्कोनीची रॉयल्टी तर सुरुवातीला व्हॉल्व्हच्या सॉकेटमागे साडेबारा शिलिंग होती. एकाच काचेत अनेक व्हॉल्व्हचं काम करणारे प्रकार युरोपात निघाले त्यामागे हा असला हिशेबही होता. म्हणून पेटंटच्या मालकाचं नाव निर्मात्याकडे नेत नाही.

वर्ष मात्र मिळतं. यादीतला सर्वांत मोठा क्रमांक घ्या. अमेरिकन क्रमांक १९३० च्या सुरुवातीला १७,४२,१८१ होता, १९३५ ला १९,८५,८७८, १९४० ला २१,८५,१७०, १९४५ ला २३,६६,१५४ आणि १९५० ला २४,९२,९४४. तुमचा सर्वांत मोठा क्रमांक साडेवीस लाखांच्या आसपास आहे. तो १९३६ मध्ये पडतो, तेव्हा चिठ्ठी त्याआधी छापलेली असू शकत नाही. नंतर किती? त्याचं उत्तर चिठ्ठी देणार नाही. छापखान्यातून आलेला गठ्ठा संपेपर्यंत कारखाना तीच वापरतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. क्रमांकाआधी 'डिझाइन'चं संक्षिप्त रूप असेल, किंवा ब्रिटिश संचावर 'नोंदणीकृत डिझाइन' असा क्रमांक असेल, तर तो खोक्याच्या किंवा डायलच्या आकाराचा हक्क असतो आणि तो बरेचदा खुद्द निर्मात्याच्या किंवा त्याच्या डिझायनरच्या नावावर असतो. वीस क्रमांकांतला असा एक बाकीच्या एकोणीसांपेक्षा मोलाचा. बेकलाइटच्या (जुन्या कडक प्लास्टिकच्या) खोक्याच्या आत उठावाने उमटवलेलं चिन्ह मात्र साचेवाल्याचं असतं. ते रेडिओ कंपनीचं समजून बरीच चुकीची माहिती पसरलेली आहे.

प्रश्न: डायलवर 'होम' आणि 'लाइट' आहे, 'थर्ड' नाही. यावरून काही कळतं का?

उत्तर: बरंच कळतं. बीबीसीची होम सर्व्हिस १ सप्टेंबर १९३९ ला सुरू झाली, लाइट प्रोग्राम २९ जुलै १९४५ ला आणि थर्ड प्रोग्राम २९ सप्टेंबर १९४६ ला. तेव्हा तुमचा डायल या शेवटच्या दोन तारखांच्या दरम्यान आखलेला असण्याची शक्यता मोठी. स्वस्त संचांत 'थर्ड' वगळलेलंही असू शकतं, म्हणून वरची मर्यादा सैल ठेवा. ३० सप्टेंबर १९६७ ला ही नावं जाऊन रेडिओ वन, टू, थ्री, फोर आले.

युरोपच्या डायलवर स्थानकांच्या जागाही बोलतात. स्थानकांना लहरी वाटून देणारी लुझर्न योजना १५ जानेवारी १९३४ पासून लागू झाली आणि कोपनहेगन योजना १५ मार्च १९५० पासून. दोन्ही वेळा स्थानकांच्या लहरी हलल्या. डायलवरच्या पाच-सहा स्थानकांच्या तरंगलांबी त्या काळच्या छापील तक्त्याशी ताडून पाहिल्या की संच १९५० च्या अलीकडचा की पलीकडचा ते ठरतं. पण १९५० नंतर जुन्या संचांच्या काचा बदलल्याही गेल्या. काच आणि चासी यांचं जमत नसेल तर चासीवर विश्वास ठेवा.

प्रश्न: डायलवर ६४० आणि १२४० जवळ बारीक त्रिकोण छापलेले आहेत. ही कंपनीची खूण का?

उत्तर: नाही. अमेरिकेच्या नागरी संरक्षणाची खूण आहे. हल्ल्याच्या वेळी फक्त या दोन लहरींवर सूचना देण्याची कॉनेलरॅड नावाची योजना होती, ती १९६३ मध्ये संपली. संच १९५३ ते १९६३ मधला आणि अमेरिकन बाजारासाठी बनवलेला, एवढाच निष्कर्ष काढा. जपानहून तिकडे गेलेल्या ट्रान्झिस्टरांवरही हे त्रिकोण असतात, त्यामुळे कारखाना अमेरिकेतच होता असं ठरत नाही.

प्रश्न: ईसीएच ८१ व्हॉल्व्हच्या काचेवर तळाशी त्रिकोण आणि '८सी२' असं फिकट लिहिलेलं आहे. अर्थ काय?

उत्तर: फिलिप्स गटाचा कोड. त्रिकोण म्हणजे नेदरलँड्समधला हेरलेनचा कारखाना. त्या जागी बी असता तर ब्रिटनमधला ब्लॅकबर्न, आर असता तर तिथलाच मिचम. ८ हा वर्षाचा शेवटचा अंक, सी म्हणजे तिसरा महिना, २ म्हणजे दुसरा आठवडा. मार्च १९५८, किंवा १९६८.

एका व्हॉल्व्हवर मात्र काही ठरवू नका, कारण संचातली सर्वांत जास्त वेळा बदलली जाणारी वस्तू तीच. पाचपैकी चारांचे कोड दोन-तीन महिन्यांच्या आत आले तर ते मूळचे. सगळे विखुरलेले असतील तर व्हॉल्व्ह सोडून सॉकेटं पाहा. ती सहसा कोणी बदलत नाही. युरोपात कडेला एकच उंचवटा असलेलं आठ पिनांचं रिमलॉक सॉकेट महायुद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांचं, आणि नऊ बारीक पिनांचं नोव्हल ते मागे सारून पन्नाशीच्या दशकात सगळीकडे पसरलेलं. काच पुसू नका. हा कोड नुसत्या अंगठ्याने निघून जातो.

प्रश्न: रेडिओ लावून पाहिला तर आवाजावरून किंवा बँडवरून ओळख पटायला मदत होईल का?

उत्तर: होणार नाही, आणि नुकसान होईल. कित्येक वर्षं पडून असलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर थेट मेन्सवर फुटतात किंवा शॉर्ट होतात, त्यांच्यासोबत रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचं डीसी करणारा) जातो आणि कधी ट्रान्सफॉर्मरही. ट्रान्सफॉर्मरवरचा क्रमांक हाच तुमचा पुरावा असताना तो जाळण्यात अर्थ नाही. दुरुस्तीला देणार असाल तर आधी सगळे फोटो घ्या आणि काढलेले जुने कंडेन्सर परत मागा. त्यांच्या पुठ्ठ्याच्या नळीवर उत्पादकाचं नाव असतं, कधीकधी महिना-वर्षही.

प्रश्न: ब्रिटिश संच आहे. कंपनीचं नाव मिळालं, पण ती १९३२ मध्ये बंद झाल्याची नोंद आहे. संचातले व्हॉल्व्ह आणि पेटंट मात्र १९३६ सांगतात. कोणतं खरं?

उत्तर: दोन्ही खरं असू शकतं. कंपनी बुडते तेव्हा तिचं नाव मालमत्तेत गणलं जातं आणि लिक्विडेटर, म्हणजे कंपनी गुंडाळायला नेमलेला अधिकारी, ते विकतो. विकत घेणारा तेच नाव दुसऱ्या कारखान्याच्या चासीवर लावतो. मोठ्या नावांच्या बाबतीतही असंच घडलं. मर्फी रेडिओ १९२९ मध्ये फ्रँक मर्फी आणि ई. जे. पॉवर यांनी काढली, फ्रँक मर्फी १९३७ मध्ये बाहेर पडले, आणि १९६२ मध्ये कंपनी रँक या उद्योगसमूहाकडे जाऊन बुश या दुसऱ्या रेडिओ कंपनीशी जोडली गेली. तीनही काळांतल्या संचांवर मर्फीच लिहिलेलं आहे. अनोळखी नावांच्या मागे अशा उलाढाली अधिक, आणि लिहून ठेवणारे कमी.

तुमच्या बाबतीत पहिलं काम 'लंडन गॅझेट' हे सरकारी राजपत्र पाहण्याचं. कंपनी गुंडाळल्याची, धनकोंच्या सभेची आणि लिक्विडेटर नेमल्याची सूचना त्यात येते, आणि तिच्यात नोंदणीकृत पत्ता असतो. गॅझेट नावाने शोधता येतं, पण जुन्या छपाईच्या स्कॅनमध्ये अक्षरं चुकीची वाचलेली असतात. पूर्ण नाव, 'लिमिटेड' वगळून नाव, आणि नुसता रस्ता असे तिन्ही शोध करा. नाव सारखं पण पत्ता वेगळा असेल तर ती दुसरीच कंपनी समजून वेगळं पान काढा. एका नावाच्या दोन कंपन्या एकत्र लिहिल्यामुळे झालेला गोंधळ नंतर सुटता सुटत नाही.

दुसरं, लंडनमधल्या क्यू येथील नॅशनल आर्काइव्हजमधली बीटी ३१ ही मालिका, विसर्जित कंपन्यांच्या फाइलींची. फाइल मिळाली तर संचालक, भागधारक, त्यांचे व्यवसाय आणि पत्ते मिळतात. सगळ्या फाइली जपलेल्या नाहीत, निवडक आहेत, तेव्हा न मिळाल्यास 'अशी कंपनी नव्हती' असं लिहू नका. भागधारकांच्या यादीत व्यवसायाचा रकाना नीट वाचा. एखादा कॅबिनेट बनवणारा किंवा दुसऱ्या रेडिओ कंपनीचा व्यवस्थापक तिथे दिसला, तर चासी कुठून येत होती याचा धागा मिळतो.

तिसरं, १९३२ ते १९३६ ची व्यापारी मासिकं आणि दरवर्षीच्या प्रदर्शनांचे विशेषांक. जाहिरातीत फोटो मोठा आणि पत्ता बारीक टाइपात असतो. आपल्याला हवा असतो तो पत्ता. तोच पत्ता दुसऱ्या कोणत्या नावाखाली छापला गेला आहे ते पाहा. दोन नावं एका पत्त्यावर मिळाली की मग त्या दुसऱ्या नावाची सर्किटं काढून आपल्या चासीच्या नकाशाशी जुळवा.

अमेरिकन कंपनी असती तर नोंदणी केंद्राकडे नसते, ती ज्या राज्यात नोंदली गेली तिथे असते. तिथे शहराच्या वार्षिक डिरेक्टऱ्या, थॉमस रजिस्टर ही उत्पादकांची सूची आणि विमा कंपन्यांसाठी काढलेले सॅनबॉर्न नकाशे उपयोगी पडतात. या नकाशांत कारखान्याची इमारत बांधकामाच्या साहित्यासकट दाखवलेली असते. एखाद्या तथाकथित कारखान्याच्या पत्त्यावर दोन खोल्यांचं दुकान दिसलं, तर चासी तिथे बनत नव्हती हे उघड होतं.

नोंद लिहिताना दर विधानापुढे त्याचा आधार लिहा: 'स्पीकर कोडवरून', 'गॅझेटच्या सूचनेवरून', 'मांडणीच्या साम्यावरून'. लिलावाच्या यादीतलं वर्ष आधार म्हणून घेऊ नका. ते बहुधा दुसऱ्या एखाद्या लिलावाच्या यादीतून उचललेलं असतं. तुमच्या संचापुरतं आज एवढंच लिहिता येतं: चासी १९३६ किंवा नंतरची, पट्टीवरचं नाव १९३२ मध्ये बंद झालेल्या कंपनीचं, मधल्या काळातला नावाचा मालक शोधायचा आहे. आणि पट्टी काढून तिच्या खाली पाहा. जुन्या पट्टीची भोकं नव्या स्क्रूंशी जुळत नसतील, तर त्या खोक्यावर आधी दुसरंच नाव होतं.